दिव्या देशमुख हिचे निवडक डाव : प्रस्तावना

ज्या विषयात आपला अधिकार नाही त्यावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिण्याचा प्रसंग आला म्हणजे जुने लेखक आधी आपल्या अनधिकाराची सविस्तर कबुली देत आणि मग निर्धास्तपणे पंचवीस पृष्ठे लिहून काढीत. मी कबुली थोडक्यात देतो. बुद्धिबळात मला कसलेही मानांकन नाही, कोणत्याही संघटनेच्या दफ्तरी माझे नाव नाही, आणि आयुष्यात ज्या एकमेव खुल्या स्पर्धेसाठी मी गोंदियाहून नागपुरास गेलो तिच्या तिसऱ्या फेरीत, पटावर एक हत्ती अधिक असताना, घड्याळाकडे पाहण्याचे भान न राहिल्यामुळे मी वेळेवर हरलो. असे असूनही या संग्रहाच्या आरंभी चार शब्द लिहावयास मी तयार झालो, याचे कारण एवढेच की संग्राहकांनी हे काम ज्या चिकाटीने केले ती चिकाटी मी शेजारी बसून पाहिली आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ, त्यांना पंचक्रोशीत सगळे नुसते ‘गुरुजी’ म्हणतात आणि त्यांनाही मुखपृष्ठावर याहून अधिक काही नको आहे, गेली काही वर्षे नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे स्पर्धांतील डाव लाल बासनात बांधलेल्या खातेवह्यांत उतरवून घेत आले आहेत. त्या खातेवह्या मूळच्या धानाच्या हिशेबासाठी छापलेल्या. ‘जमा’च्या रकान्यात पांढऱ्याची खेळी आणि ‘नावे’च्या रकान्यात काळ्याची खेळी, अशी त्यांची मांडणी आहे.

आरंभीच आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. जागतिक कीर्तीच्या खेळाडूविषयी लिहिताना ‘त्या’ असे आदरार्थी बहुवचन वापरावे, हा शिष्टाचार मला मान्य आहे. परंतु ९ डिसेंबर २००५ रोजी जन्मलेल्या मुलीला, माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलीला, पानोपानी ‘त्या’ म्हणत गेलो तर माझ्याच कानांना ते खोटे वाटेल. तेव्हा मी ‘ती’ म्हणतो. तिचे डाव वाचणाऱ्याला त्यात अनादर दिसणार नाही.

आमच्या भागात बुद्धिबळ नवे नाही, नवी आहे ती स्पर्धा. भंडाऱ्यापासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्याच्या कितीतरी आधीपासून, जुन्या मालगुजारांच्या वाड्यांतील ओसऱ्यांवर कापडी पट अंथरले जात. धानाची रोवणी आटोपून कापणीला अवकाश असे त्या दिवसांत, तळ्याचे पाणी बांध्यांतून हळूहळू फिरत असताना, डाव मांडून बसलेली वडीलधारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. मालगुजारी गेली, ते तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी त्यांचे ‘मामा तलाव’ झाले. ओसरीवरचा खेळही असाच आपले जुने नाव टाकून नव्या कायद्याखाली आला. त्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, राजा शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याची उडी घेऊ शके. आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे, ज्या मोहऱ्याचे ते घर त्याच मोहऱ्याची पदवी घेई. वजिराला कोणी फर्जी म्हणत, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजत. डाव संथ असे, आणि तो कधी संपेल याची कोणाला घाई नसे.

या पद्धतीला शास्त्राचे पाठबळ नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्टकुलातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात आपल्या ‘नीतिमयूखा’त या खेळाचे विवेचन केले आहे, आणि त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला, तो युरोपीय पद्धतीशी जुळवून घेऊन. म्हणजे जुळवून घेण्याची ही प्रक्रिया दोन शतके चालू आहे. फक्त आमच्या ओसरीपर्यंत ती बरीच उशिरा पोहोचली. माझ्या आजोबांनी छापील नियमांचे पुस्तक पाहून काढलेला उद्गार मला आठवतो : राजा आणि हत्ती एकाच खेळीत दोघेही हलतात, हा खेळ नसून बदलीचा हुकूम आहे.

परंतु स्पर्धेची कारकीर्द म्हणजे नियम बदलणे नव्हे. ओसरीवरचा खेळाडू एका पटाशी बसून म्हातारा होई. स्पर्धेतील खेळाडूला पटाकडे जावे लागते, आणि पट नेहमी दुसऱ्या गावी असतो. हे वाक्य लिहिताना माझ्यासमोर गोंदियाचे जंक्शन उभे आहे. मुंबई–हावडा हमरस्त्यावरील हे स्थानक, येथून जबलपूरकडे एक फाटा, चांद्याकडे दुसरा. गाड्या पुष्कळ, आणि तरीही मानांकनाच्या स्पर्धेसाठी येथल्या मुलाला सुमारे १३० किलोमीटर नागपुरास जावे लागते, बापाची एका दिवसाची मजुरी किंवा आईची रजा बुडवून. नागपूरकरांना आम्ही यासाठी दोष देत आलो. वास्तविक, पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरच्या मुलाचीही हीच स्थिती होती. फक्त त्याचे नागपूर चेन्नईला होते.

ग्रँडमास्टर हा किताब जागतिक संघटनेने १९५० साली रीतसर देण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिल्या यादीत २७ नावे होती आणि त्यांत भारतीय एकही नव्हता. भारताची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली एलुरू येथे झाली आणि तीत रामचंद्र सप्रे व डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदावर पहिल्याच वर्षी मराठी नाव कोरले गेले होते. परंतु ग्रँडमास्टरपदासाठी देशाला १९८८ पर्यंत, विश्वनाथन आनंद येईपर्यंत, थांबावे लागले. दुसरे दिव्येंदू बरुआ, १९९१. तिसरे आमचे प्रवीण ठिपसे, १९९७. चौथे पुण्याचे अभिजित कुंटे. पहिल्या चारांत दोन मराठी असणे ही अभिमानाची गोष्ट खरी, पण दोघेही सह्याद्रीच्या बाजूचे. नागपूरचा क्रमांक लागला तो २०१९ साली, रौनक साधवानी तेरा वर्षांचा असताना. त्यानंतर २०२१ मध्ये संकल्प गुप्ता. दोघेही नागपूरचे. सात दशकांच्या रखडलेल्या हिशेबानंतर दोन वर्षांत दोन नावे जमा झाली, याला योगायोग म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. शिकवणारे, खेळवणारे आणि मुलांना घेऊन रात्रीच्या गाडीत बसणारे आईबाप यांची एक पिढी तोवर नागपुरात तयार झाली होती.

दिव्या त्याच पिढीची. आईवडील दोघेही डॉक्टर. थोरली बहीण बॅडमिंटनकडे वळलेली, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास धाकटीच्या हाती पट आला. तिचे पहिले प्रशिक्षक नागपूरचेच राहुल जोशी. त्यांनी तिला ग्रँडमास्टर झालेली पाहण्याची आस धरली होती आणि ती पुरी होण्यापूर्वीच, २०२० साली, ते अकाली निवर्तले. बालपणीच्या विजयांची यादी मी येथे लांबवीत नाही. २०१२ मध्ये पुदुच्चेरी येथे सात वर्षांखालील राष्ट्रीय अजिंक्यपद, २०१४ मध्ये डर्बन येथे दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद, असे तीन टप्पे सांगितले म्हणजे पुरे. बालवयातील विश्वविजेतेपदांचा मला थोडा धाक वाटतो. दहाव्या वर्षी जग जिंकलेली आणि विसाव्या वर्षी खेळ सोडून दिलेली मुले या क्षेत्रात थोडी नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष असतोच असेही नाही. गुरुजींनी या काळातले मोजकेच डाव घेतले आहेत आणि ते योग्यच केले आहे.

त्यापुढील वर्षे संथ चढणीची आहेत. २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर, २०२२ मध्ये भुवनेश्वर येथे राष्ट्रीय महिला अजिंक्यपद, त्याच वर्षी चेन्नईजवळच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दुसऱ्या संघाकडून खेळताना वैयक्तिक कांस्यपदक, २०२३ मध्ये अल्माटी येथे आशियाई अजिंक्यपद आणि आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब. येथे वाचकांच्या मनात होणारा एक घोटाळा निस्तरणे जरूर आहे. ‘महिला ग्रँडमास्टर’ आणि नुसते ‘ग्रँडमास्टर’ हे दोन वेगळे किताब आहेत. पहिला केवळ स्त्रियांसाठी, त्याची पायरी खालची. दुसरा स्त्रीपुरुष सर्वांसाठी एकच, आणि त्याची वाट फार खडतर. सामान्यतः त्यासाठी तीन स्पर्धांत मिळून किमान २७ डावांत, ग्रँडमास्टरांशी आणि परदेशी खेळाडूंशी गाठ घेऊन, नेमून दिलेल्या उंचीचा खेळ करून दाखवावा लागतो. यालाच ‘नॉर्म’ म्हणतात. शिवाय एकदा तरी २५०० मानांकन गाठावे लागते. सरकारी नोकरीत कायम होण्यापूर्वी उमेदवारीचा काळ, खात्याची परीक्षा आणि वरिष्ठांचा शेरा या तिन्ही गोष्टी लागत, तसाच हा प्रकार समजावा. या तीन नॉर्मपैकी २०२५ च्या जुलैपर्यंत दिव्याजवळ एकही नव्हता. ही गोष्ट वाचकाने ध्यानी ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

२०२४ हे वर्ष या संग्रहाचा मध्यभाग व्यापते. त्या वर्षाचा आरंभ नेदरलँड्समधील वाइक आन झे या समुद्रकाठच्या गावी झाला. तेथे तिला गुण बेताचेच मिळाले, पण स्पर्धा संपल्यावर तिने जाहीरपणे जे लिहिले ते तिच्या अनेक विजयांपेक्षा मला महत्त्वाचे वाटते. आपल्या डावांविषयी बोलण्याऐवजी प्रेक्षक आपले कपडे, केस आणि उच्चार यांविषयी बोलतात, पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही, अशी ती तक्रार होती. अठरा वर्षांच्या मुलीने असे बोलणे कित्येकांना रुचले नाही. मला मात्र त्या दिवशी रोहिणी खाडिलकर यांची आठवण झाली. १९७६ साली, अवघ्या तेरा वर्षांच्या असताना, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसल्या तेव्हा मोठा गहजब झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स यूवे यांना असा निर्वाळा द्यावा लागला की स्त्रियांना खुल्या स्पर्धांतून वगळता येणार नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी भारतीय महिला बुद्धिबळाची पहिली वर्षे जवळजवळ आपल्या घरातच ठेवली होती. पटापाशी बसण्याचा हक्क त्यांनी मिळवला. पटाकडेच पाहा असे प्रेक्षकाला सांगण्याचे काम मागे राहिले होते.

जूनमध्ये गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. अकरा फेऱ्यांत दिव्याने दहा गुण मिळवले आणि एकही डाव गमावला नाही. हे डाव गुरुजींचे विशेष आवडते, पण माझ्या मते त्यांत तिचा स्वभाव पुरता दिसत नाही. प्रतिस्पर्धी लवकर मोडले की स्वभावाची कसोटी लागत नाही. ती लागली सप्टेंबरात बुडापेस्टला. ऑलिम्पियाडच्या महिला संघात हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका आणि तानिया अशा पाच जणी, आणि कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. आठव्या फेरीत पोलंडकडून संघ हरला तेव्हा भारताच्या बाजूने जिंकलेला एकमेव डाव तिसऱ्या पटावरील दिव्याचा होता. दहाव्या फेरीत चीनशी सामना पडला. त्यातही निर्णय तिच्याच पटावर लागला. अकरा डावांत साडेनऊ गुण, तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्ण आणि संघाचे सुवर्ण. २२ सप्टेंबर २०२४ रोजी भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. संघातर्फे खेळताना माणूस बहुधा सावध होतो, कारण पराभव एकट्याचा राहत नाही. या मुलीने मात्र संघ अडचणीत असताना अधिक धोका पत्करलेला दिसतो, आणि तो डोळसपणे. चीनविरुद्धचा डाव वाचकाने दोनदा लावून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

आता बाटुमी. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील हे जॉर्जियातील शहर. आणि स्त्रियांच्या बुद्धिबळाची कुळकथा सांगावयाची तर ती जॉर्जियापासूनच सुरू करावी लागते, कारण ग्रँडमास्टर हा पूर्ण किताब १९७८ मध्ये जिला प्रथम मिळाला ती नोना गाप्रिंदाश्विली याच देशाची. जुलै २०२५ मध्ये येथे महिलांचा विश्वचषक झाला. १०७ खेळाडू, बाद पद्धत : दोन डावांचा सामना, बरोबरी झाल्यास जलद डाव, हरला तो परत घरी. दिव्याचे मानांकन पंधरावे. चौथ्या फेरीत द्वितीय मानांकित झू जिनर हिच्याशी गाठ पडली. पहिला डाव दिव्याने जिंकला, दुसरा गमावला, आणि जलद डावांत बाजी मारली. उपांत्यपूर्व फेरीत समोर आली तिचीच ऑलिम्पियाडमधील सहकारी हरिका. दोन्ही संथ डाव बरोबरीत, दोन्ही जलद डाव दिव्याकडे. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा १०१ खेळ्यांपर्यंत चालला.

या १०१ खेळ्यांच्या डावावर मी अंमळ रेंगाळणार आहे. तो निर्दोष नाही. वाचकाला आज घरबसल्या संगणकाकडून कळेल की कोणत्या खेळीला कोणाचे पारडे कितपत झुकले, कोठे हातची संधी निसटली, कोठे ती परत आली. संगणकाचा हा शेरा खरा असतो. मात्र जमाबंदीचा कारकून उन्हातान्हात फिरलेल्या पटवाऱ्याच्या नोंदीवर कचेरीत बसून लाल शाई फिरवतो, तितपतच तो पुरता असतो. पाच-सहा तास खुर्चीत बसून, मिनिटे उतरत असताना, समोर जगज्जेतेपद भोगलेली प्रतिस्पर्धी असताना, चुकीनंतर लगेच पुढली खेळी शांतपणे शोधणे, हे त्या लाल शाईत उमटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे दिव्याच्या कारकिर्दीचे मर्म येथे आहे. तिचे कौतुक करणारे तिच्या हल्ल्यांविषयी बोलतात. हल्ला तिला येतोच. परंतु तिला या ठिकाणी आणून पोहोचवले ते डावाचा रंग उतरल्यावरही पटापाशी बसून राहण्याच्या तिच्या हट्टाने. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया तासन् तास मागे सरत जातात. बांधी किती उरली हे त्या वळून पाहत नाहीत. उपमा ग्राम्य वाटेल, पण दुसरी मला सुचली नाही.

अंतिम सामना दोन भारतीयांत झाला. एका बाजूला एकोणीस वर्षांची दिव्या, दुसऱ्या बाजूला अडतीस वर्षांची कोनेरू हम्पी, जी २००२ मध्ये, म्हणजे दिव्या जन्मण्याच्या तीन वर्षे आधी, ग्रँडमास्टर झाली होती. भारतातील स्त्रियांना या खेळात जी वाट सापडली ती हम्पीने तुडवून मळवली, आणि त्या वाटेने आलेली मुलगीच तिच्यासमोर बसावी, यात एक प्रकारची निष्ठुरता आहे. मी त्या दोन-तीन दिवसांत कोणाच्या बाजूचा होतो हे मला नीट सांगता येणार नाही. पहिल्या डावात दिव्याजवळ जिंकण्याची संधी होती, ती निसटली. दुसराही बरोबरीत. २८ जुलै हा श्रावणातला पहिला सोमवार. त्या दिवशी जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळाच्या ओढाताणीत हम्पीचा अंदाज चुकला, डाव हत्ती-प्याद्यांच्या अखेरीवर आला, तेथे दिव्याने मिळालेले एकदा हातचे घालवले, हम्पी पुन्हा चुकली, आणि मग मात्र सुटका उरली नाही. अडीच विरुद्ध दीड. बाहेर येताच दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली, ते चित्र सर्वांनी पाहिले आहे.

विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला ग्रँडमास्टर हा किताब थेट द्यावा, अशी जागतिक संघटनेच्या नियमांत तरतूद आहे. त्या तरतुदीनुसार, एकही नॉर्म पदरी नसलेली दिव्या त्या संध्याकाळी भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. हम्पी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतर चौथी भारतीय स्त्री. यावर काहींनी नाके मुरडली. उमेदवारी न करता कायम झाली, असा त्यांचा आक्षेप. आक्षेपाचे मूळ मला कळते, आणि जगातील इतक्या मोठ्या स्पर्धेचा निकाल अखेर जलद डावांवर लावावा हे मलाही फारसे रुचत नाही. घड्याळाशी माझे वैर जुने आहे. परंतु नॉर्म म्हणजे तरी काय? बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांसमोर दीर्घ काळ एका उंचीवर खेळता येते याचा पुरावा. झू, हरिका, तान, हम्पी यांना ओळीने बाजूला सारणे हा पुरावा कमी पडत असेल, तर दफ्तर बदलावे, उमेदवार नव्हे. स्वतः दिव्याने त्या दिवशी हे सारे नशिबाच्या हवाली केले. तिच्या विनयाला ते शोभते, मात्र चरित्रकाराने ते जसेच्या तसे उतरवून घेण्याचे कारण नाही.

त्यानंतर कौतुकाचे सोहळे झाले, नागपुरात मिरवणूक झाली, राज्य शासनाने गौरव केला. ते सर्व वृत्तपत्रांत आहे. मला त्याहून लक्षणीय वाटते ती सप्टेंबर २०२५ मधील गोष्ट. समरकंद येथील ग्रँड स्विस स्पर्धेत महिलांच्या विभागात खेळून वरच्या क्रमांकाची आशा धरणे तिला सोपे होते. विश्वचषकामुळे २०२६ च्या महिला कँडिडेट्स स्पर्धेतील जागा तिला आधीच मिळालेली असल्याने तिने खुल्या विभागात नाव दिले आणि जगातील पहिल्या प्रतीच्या पुरुषांशी खेळली. इजिप्तच्या ग्रँडमास्टर बासेम अमीनला हरवले, जगज्जेता गुकेश याला बरोबरीत रोखले, आणि काही डाव हरलीही. वाइक आन झेच्या त्या तक्रारीचे हे उत्तर, असे मी म्हणणार नाही, कारण तक्रारीचे उत्तर देणे प्रेक्षकांकडे लागते. १९७६ च्या त्या वादाचा मात्र हा पुढला अध्याय आहे. फरक एवढाच की या वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

संग्रहाच्या लेखनपद्धतीविषयी दोन शब्द. मोहऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांऐवजी गुरुजींनी रा, व, ह, उं, घो ही अक्षरे योजली आहेत. आणि पटाच्या आठ उभ्या ओळींना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ अशी नावे दिली आहेत. ‘ङ’ का गाळला, असे मी विचारले तेव्हा चाळीस वर्षे मुळाक्षरे शिकवलेला हा माणूस म्हणाला की तो कोणालाच म्हणता येत नाही. तेव्हा राजापुढील प्याद्याची प्रसिद्ध पहिली खेळी येथे ‘च४’ अशी दिसेल. सवय व्हावयास दोन-तीन डाव लागतात. माझ्या घरच्या पाचवीतल्या मुलाला अर्धाच लागला. ज्याच्या गावी स्पर्धा नाही, प्रशिक्षक नाही, त्याला हे पुस्तक नागपूरला नेऊन पोहोचवणार नाही. परंतु बाटुमीत २८ जुलैला जे घडले ते खेळीमागून खेळी त्याच्या सतरंजीवर घडवून आणता येईल. ओसरीवरच्या जुन्या मंडळींना हे साधत नव्हते, कारण त्यांच्या डावांची नोंदच कोणी ठेवली नाही. किती सुंदर मात त्या वाड्यांत झाल्या असतील; पट गुंडाळला की त्या गेल्या.

गुरुजींशी माझा एकच मतभेद झाला. मूळ निवडीत त्यांनी हरलेला एकही डाव घेतला नव्हता. झू जिनरविरुद्धचा गमावलेला दुसरा डाव घेतल्यावाचून तिसऱ्या दिवशीच्या जलद डावांना अर्थ काय, असे मी म्हणत होतो, त्यावर, “हरलेले डाव लोकं वाचतीन का जी?” हा त्यांचा प्रश्न. वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही तान झोंगयीविरुद्धचा डाव छपाईपूर्वी पडताळून पाहावयास बसलो. पटातला एक काळा उंट केव्हाच हरवलेला, त्याच्या जागी सुपारी. साठाव्या खेळीच्या आसपास वीज गेली; कंदील आला. एकशे एकावी खेळी मांडून झाली तेव्हा गाव निजले होते. पट आवरावा म्हणून मी हात पुढे केला, तर गुरुजींनी तो थांबवला, सगळी मोहरी पुन्हा मूळ घरी मांडली, सुपारी तिच्या जागी ठेवली, आणि खातेवहीचे पान मागे उलटून कंदिलाखाली धरीत म्हणाले, “तो झूचा कोणता, सांगा.”